आत्याबाईंना पाणी कमी पाजलं, त्या दिवसांबद्दल

मागच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या आत्याबाई न्हाणीत पडल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्या केज-धारूर भागात सासूला असंच म्हणतात. आधार कार्डावर वय 76, पण त्यांच्या हिशोबानं ऐंशी कधीच ओलांडली, कारण 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला जात होत्या तेव्हा तिसरं लेकरू पोटात होतं असं त्या सांगतात. खुब्याचं हाड मोडलं. गाडी करून लातूरला नेलं, तिथं ऑपरेशन करून बॉल बसवला, एकूण सोळा दिवस दवाखान्यात काढले. ऑपरेशन चांगलं झालं, आज त्या वॉकर धरून अंगणात येतात.

मला लिहायचंय ते वेगळंच. त्या सोळा दिवसांत मी काय केलं ते, अन् शेजारच्या कॉटवर काय झालं ते. लिहू का नको करत सहा-सात महिने गेले. कुणाला सांगितलंच नव्हतं हे, मिस्टरांनासुद्धा अर्धंच माहीत होतं.

आधी आत्याबाई कशा होत्या ते सांगते. हापशावर आत्याबाईंचा हंडा लागला की बाकीच्या बाया गप मागं सरकायच्या. सासरे वारले तेव्हा मिस्टर नववीत होते, तेव्हापासून सहा एकर कोरडवाहू जमीन या बाईनं एकटीनं वाहिली, सावकार दारात आला तर त्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा मला त्यांची भीतीच वाटायची. आवाज असा की गल्लीच्या तोंडाला ऐकू जायचा.

अन् मग मागच्या दोन-तीन वर्षांत त्या थकल्या. आपल्याकडं म्हणतात ना 'म्हातारी लई थकली आता', तसं. हे दमणं नाही, एक झोप काढली की उतरंल असलं ते नसतं. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या, परकराची नाडी दोन वेढे घेऊन बांधायची वेळ आली. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडंना, माझ्या लेकाकडून उघडून घ्यायच्या. मारुतीच्या देवळाला जायला पूर्वी पाच मिनिटं लागायची तिथं मध्ये दोन ओट्यांवर टेकत टेकत जायच्या. कापूस वेचायला जाणं सोडलं, मग शेतात जाणंच सोडलं, मग ओसरीतून उठणंही कमी झालं. काय होतंय विचारलं तर म्हणायच्या, "काई नाही माय, आंग गळून जायलंय नुसतं." आम्ही म्हणायचो वय झालं.

दवाखान्यात कळलं की याला डॉक्टर लोक फ्रेल्टी म्हणतात आणि ही मोजता येते. 2001 मध्ये अमेरिकेत लिंडा फ्रीड नावाच्या डॉक्टर बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच खुणा ठरवून दिल्या. वर्षभरात काही कारण नसताना साडेचार किलोच्या आसपास वजन उतरणं, सारखं गळून गेल्यासारखं वाटणं, हाताची पकड ढिली पडणं, चाल मंदावणं, हिंडणं-फिरणं कमी होणं. पाचातल्या तीन असल्या की माणूस फ्रेल झालं, एक-दोन असल्या तर त्या वाटेला लागलं. मी वाचलं तेव्हा बोटं मोजली तर आमच्या आत्याबाईंना पाचच्या पाच होत्या, अन् तेही आमच्या डोळ्यांदेखत, रोज ताटात भाकरी वाढताना.

ॲडमिट केलं त्या दिवशी डॉक्टरणीनं एक तक्ता काढून विचारलं होतं की पडायच्या आधी दोन आठवडे या कशा होत्या, काय काय स्वतः करत होत्या. 1 ते 9 आकड्यांचा तक्ता होता, कॅनडातल्या डॉक्टर रॉकवूड यांच्या टीमनं बनवलेला, 1 म्हणजे ठणठणीत अन् आकडा वाढंल तसं माणूस जास्त थकलेलं. तिनं 6 वर खूण केली. मला तेव्हा वाटलं काय नुसता फॉर्म भरायचं काम लावलंय, इथं म्हातारी ओरडायलीय.

आता मुख्य गोष्ट.

वॉर्डात आठ कॉट. संडास कॉरिडॉरच्या पार टोकाला, दोघांनी धरल्याशिवाय आत्याबाईंना नेता येणार नाही आणि दिवसा मी एकटी. मिस्टरांचं खताचं दुकान, सीझन चालू, ते रात्री यायचे अन् खाली गाडीत झोपायचे कारण बायकांच्या वॉर्डात पुरुषांना रात्री थांबू देत नव्हते. ऑपरेशननंतर लघवीची नळी काढली तेव्हापासून दर तासा-दोन तासाला भांडं द्यायचं. मावशीला हाक मारली की प्रत्येक वेळी चहापाण्याचे पन्नास रुपये. डायपर लावले तर दिवसाला चार-पाच लागायचे. अन् प्रत्येक वेळी त्यांना एका अंगावर करायचं म्हणजे त्या कळवळायच्या, मी घामाघूम. तीन रात्री मी सलग दोन तास झोपले नव्हते.

तेव्हा समोरच्या कॉटवरच्या पेशंटची सून मला म्हणाली, "ताई, पाणी कमी पाजत जा की. आम्ही तसंच करतो. गोळीपुरतं द्यायचं, मग सारखं सारखं करावं लागत नाही." अगदी सहज, जसं भाजीत मीठ किती टाकायचं सांगावं तसं.

मी तसंच केलं. गोळीसोबत दोन घोट. जेवणानंतर दोन घोट. आत्याबाईंना म्हणलं, "आत्याबाई, सारखं पाणी मागू नका, रात्री कोण उठवणार तुम्हाला." आवाज चढला होता माझा, एवढं नक्की आठवतंय. त्या काहीच बोलल्या नाहीत. ज्या बाईनं सावकाराला दारातून परत पाठवलं त्या बाईनं माझ्याकडं नुसतं बघितलं अन् मान हलवली, आणि त्यानंतर पाणी मागितलंच नाही. मला बरं वाटलं तेव्हा. आज त्या मान हलवण्याचीच मला जास्त आठवण येते. थकलेल्या माणसाचं नाही म्हणायचं बळ सगळ्यात आधी जातं, हाडं नंतर मोडतात.

सहाव्या रात्री त्यांना वात झाला. आमच्याकडं असंच म्हणतात, माणूस भलतंच बरळायला लागलं की वात झाला. कॉटवर उठून बसायला बघायच्या, सासऱ्यांना हाका मारायच्या, "अहो विहिरीला पाणी लागलंय, पोहरा सोडा, पोहरा सोडा लवकर." सगळा वॉर्ड जागा. सलाईनची सुई उपसून काढली, चादरीवर रक्त. वॉर्डबॉय आला, बँडेजची पट्टी घेऊन आला, म्हणाला, ऑपरेशनचा पाय हलला तर बॉल निघंल, बांधावं लागतंय. त्यानं कॉटच्या दांड्याला दोन्ही हात बांधले. डावा हात त्याच्या हाती येत नव्हता, तो मी धरून दिला.

पहाटेपर्यंत त्या पोहरा पोहरा करत होत्या. मी ऐकत होते आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही की या पाणी मागायलेत.

सकाळी पट्टी सोडली तर दोन्ही मनगटांवर काळे-निळे वळ. म्हाताऱ्या माणसाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते, नुसतं दाबलं तरी डाग पडतो. राऊंडला तीच डॉक्टरीण आली, तरुण पोरगी, आंबाजोगाईला शिकलेली, आमच्यासारखंच बोलणारी. तिनं आधी मनगटं बघितली, मग जीभ बाहेर काढायला लावली. जीभ वाळलेल्या चामड्यासारखी झाली होती. मला विचारलं, "पाणी किती पितेत?" मी म्हणलं, "पितेत की, भरपूर." सरळ खोटं बोलले.

रिपोर्ट आले. लघवीत इन्फेक्शन, अंगातलं पाणी कमी झालेलं, क्रिएटिनीन वाढलेलं, म्हणजे किडनीवर ताण आलेला. आम्ही म्हणत होतो साठी बुद्धी नाठी, वय झालं, भ्रम झाला. तिनं सांगितलं याला डिलिरियम म्हणतात, हे वयानं होत नाही, याला कारण असतं अन् कारण काढलं की बहुतेक वेळा उतरतं. पाणी कमी पडणं, इन्फेक्शन, पोट साफ न होणं, झोप न होणं, काही औषधं, अनोळखी जागा, चष्मा किंवा कानाचं मशीन काढून ठेवणं, यातलं काहीही पुरतं, फ्रेल माणसाला तर लवकरच. अन् हात बांधले की माणूस जास्तच खवळतं. तिनं चष्मा लावायला सांगितला, आम्ही तो हरवंल म्हणून पिशवीत ठेवला होता. दिवसा खिडकीचा पडदा उघडा ठेवा, घड्याळ दिसंल असं ठेवा, ओळखीच्या माणसानं हात धरून बसा. दुसऱ्या दिवशीपासून उठवून खुर्चीत बसवायला सुरुवात केली. पडून राहिल्यानं काय होतं हेही तिनंच सांगितलं, 2007 मध्ये अमेरिकेत एका अभ्यासात धडधाकट म्हाताऱ्या माणसांना नुसतं 10 दिवस अंथरुणात ठेवलं तर पायातले जवळजवळ एक किलो स्नायू गेले, धडधाकट होती ती माणसं, अन् इथं तर आधीच हाडं-कातडी.

दोन दिवस सलाईन अन् औषध चाललं तशा आत्याबाई ताळ्यावर आल्या. सकाळी मला ओळखून म्हणल्या, "तू जेवलीस का?"

त्याच दिवशी दुपारी डॉक्टरीण आली आणि मला म्हणाली, नातेवाईकांनी पाच मिनिटं बाहेर थांबा, मला आजीशी एकटीशी बोलायचंय. मला राग आला. एवढं मी करायले, गू-मूत काढायले, अन् मलाच बाहेर काढायलेत. मी पडद्याच्या पलीकडंच थांबले अन् ऐकलं. चोरून ऐकलं, खोटं कशाला बोलू.

तिनं विचारलं, आजी, अंघोळ, कपडे, जेवण, बँकेचं काम याला दुसऱ्यावर अवलंबून राहावं लागतं का. कुणी तुम्हाला जेवण, औषध, चष्मा, किंवा माणसांना भेटण्यापासून अडवलं का. कुणी असं बोललं का की तुम्हाला लाज वाटली किंवा भीती वाटली. कुणी जबरदस्तीनं सही-अंगठा घेतला का, पैसे वापरले का. कुणी मारलं, दुखवलं, नको तसा हात लावला का. नंतर मी शोधून वाचलं, हे प्रश्न कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या डॉक्टरांनी बनवलेत, 2008 मध्ये छापून आले, एल्डर अब्यूज सस्पिशन इंडेक्स नाव आहे. सगळे मिळून सहा प्रश्न, पाच म्हाताऱ्या माणसाला विचारायचे, अन् सहावा डॉक्टरनं स्वतःला विचारायचा, की हे माणूस नजर चुकवतंय का, खंगलंय का, अंगावर वळ आहेत का, अस्वच्छ आहे का. मुळात ओपीडीत येणाऱ्या, शुद्धीवर असणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी आहेत ते प्रश्न, म्हणूनच ती दोन दिवस थांबली होती. विचारायला दोनेक मिनिटं लागतात.

आत्याबाईंनी सगळ्याला नाही म्हणलं. मग थोडं थांबून म्हणल्या, "सून लई करती माझी. पाणी तेवढं मागू नका म्हणती."

मी पडद्याला धरून उभी होते.

डॉक्टरीण बाहेर आली, मला जिन्यापाशी नेलं. मला वाटलं आता झाडती. तिनं विचारलं, "ताई, तुम्ही शेवटचं सलग कधी झोपलात?" आठ दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, पुण्याहून रोज व्हिडिओ कॉल करून आईला दाखवा म्हणणाऱ्या नणंदेनं नाही, आमच्या मिस्टरांनीही नाही. मी रडले. तिनं रडू दिलं, अन् मग शांतपणे म्हणाली, पण ताई हे जे झालं ना, पाणी तोडणं, ओरडणं, हात बांधणं, याला अत्याचारच म्हणतात, तुमचा हेतू तसा नव्हता तरी.

त्या शब्दावर मी एक दिवस तिच्याशी बोलले नाही. अत्याचार म्हणजे काय, काठीनं मारणारा लेक, उपाशी ठेवणारी सून, पेपरात येतं ते. मी कशी काय त्यात? मग रात्री मोबाईलवर वाचत बसले. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्याच अशी आहे की विश्वासाच्या नात्यात एकदा किंवा परत परत केलेली गोष्ट, किंवा करायला पाहिजे ती न केलेली गोष्ट, जिच्यानं म्हाताऱ्या माणसाला इजा किंवा त्रास होतो. न केलेली. मी त्या शब्दापाशी लई वेळ थांबले. त्यांचाच आकडा आहे की 60 वर्षांवरच्या दर 6 माणसांत एकाला वर्षभरात घरी-दारी असलं काहीतरी सोसावं लागतं, आणि वृद्धांच्या संस्थांमध्ये तर दर तीन कर्मचाऱ्यांतले दोघं स्वतःच सांगतात की आमच्या हातून असं घडलंय. आपल्या देशात 2017-18 ला लासी नावाचा मोठा सर्व्हे झाला, त्यात साधारण 5 टक्के ज्येष्ठांनीच आम्हाला वाईट वागणूक मिळते असं सांगितलं. माझं मत विचाराल तर आपल्याकडं सांगत नाहीत म्हणून तो आकडा कमी. आत्याबाईंनीही आधी पाच वेळा नाहीच म्हणलं होतं. दात आपलेच अन् ओठही आपलेच, कुणाला दाखवायचं? डिस्चार्ज झाल्यावर ज्या गाडीत बसून ज्या माणसाच्या घरी जायचंय त्याच माणसाची तक्रार कॉटवर पडून कशी करणार?

अन् आता शेजारच्या कॉटचं. हे लिहायला मला पाण्यापेक्षा जड जातंय.

शेजारी एक आजी होत्या, आत्याबाईंच्याच वयाच्या, न्यूमोनिया होऊन आलेल्या, अंगात काही उरलं नव्हतं. दोन लेकं होती. मोसंबी सोलून द्यायचे, पाय दाबायचे, सगळा वॉर्ड म्हणायचा लेकं असावीत तर अशी. चौथ्या दिवशी दुपारी, राऊंड झाल्यावर, तिसरा एक माणूस पिशवी घेऊन आला. पडदा ओढला. मला ऐकू आलं, "आये, दवाखान्याचे कागद हायेत, अंगठा दे." दवाखान्याचे कागद सिस्टर घेऊन येते, पिशवीतून कुणी आणत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. दहा मिनिटांनी पडदा उघडला, तो माणूस गेला, लेकं चहाला गेली. त्या आजींनी डावा अंगठा माझ्यापुढं केला, निळी शाई. म्हणल्या, "माय, तू शिकलेली दिसतीस. काय व्हतं गं त्या कागदावर?"

मी म्हणलं, "दवाखान्याचेच असतील आजी."

का म्हणलं? भांडण नको, परक्याच्या घरचं, मी एकटी बाई, माझ्या सासूचंच मला झेपंना. सगळी कारणं खरी आहेत. त्यानंतर तिसऱ्या दिवशी त्या आजींना डिस्चार्ज दिला, जाताना माझा हात धरला त्यांनी, शाई अजून पूर्ण गेली नव्हती.

मी नंतर आमच्या ओळखीतल्या एका वकिलांना विचारलं, ते इथं लिहून ठेवते, कुणाच्या तरी कामी येईल. नुसत्या अंगठ्यानं जमीन जात नाही. बक्षीसपत्र करायचं तर दुय्यम निबंधकाकडं नोंदणी लागतेच, दोन साक्षीदार लागतात. पण मृत्युपत्राला नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार असले की पुरतं, अन् बँकेच्या पैसे काढायच्या स्लिपलाही अंगठा चालतो, त्यालाही साक्षीदार लागतात. श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनचे महिन्याचे 1500 कुणाच्या खिशात जातात हे गावात सगळ्यांना माहीत असतं. दवाखान्यात कुणी कागद पुढं केला अन् तो फाईलमधला नसला तर सिस्टरला हाक मारायची, 'हा कागद तुमचा आहे का' एवढंच विचारायचं मोठ्यानं. एवढं मला करता आलं असतं.

2007 चा कायदा आहे, आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा. अर्ज प्रांताकडं म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडं करायचा, वकील लावायची गरज नाही, अंथरुणावरच्या माणसाच्या वतीनं दुसऱ्यानं केला तरी चालतो. महिन्याला 10,000 पर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. कलम 23 असं की सांभाळायच्या अटीवर जमीन-घर दिलं अन् मग सांभाळलं नाही तर तो व्यवहार रद्द करून घेता येतो, फक्त ती अट कागदात लिहून घ्या, शब्दावर ठेवू नका, पुढं कोर्टात तिथंच अडतं. कलम 24 प्रमाणं म्हाताऱ्या माणसाला टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. अन् 14567 हा ज्येष्ठांसाठीचा फोन नंबर, फुकट, सकाळी 8 ते रात्री 8. मी आता वर्गात फळ्यावर लिहिते हा नंबर, पाचवीची पोरं घरी जाऊन आजीला सांगतात.

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. 2020 ला लातूर जिल्हा परिषदेनं ठराव केला होता की जे कर्मचारी आई-बापाला सांभाळत नाहीत त्यांच्या पगारातून 30 टक्के कापून आई-बापाच्या खात्यात टाकायचे, अन् नंतर काहींचे खरंच कापले, त्यात शिक्षकही होते. तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये लई चर्चा झाली, मी छाती पुढं करून म्हणलं होतं की असल्या लोकांना कापलंच पाहिजे. मला तो ठराव आजही पटतो. फक्त पगार कापून पाणी पाजायला माणूस येत नाही हे आता कळतं. पैसा एक गोष्ट आहे, रात्री अडीच वाजता भांडं द्यायला उठणारे दोन हात ही वेगळी गोष्ट, अन् ते दोन हात आपल्याकडं जवळजवळ कायम सुनेचे किंवा लेकीचे असतात. माझ्या किरकोळ रजा संपल्या होत्या, अर्जित रजेचा अर्ज मी वॉर्डातूनच पाठवला. यानं मी केलं ते झाकलं जात नाही. पण ज्या घरात एकाच माणसावर सगळं पडतं त्या घरात हे घडायची शक्यता वाढते, अन् म्हातारं माणूस जितकं थकलेलं तितकं करणाऱ्यावर ओझं जास्त अन् तितकंच ते बोलणार कमी. दोन्ही बाजूंनी फास आवळतो.

डॉक्टरणीनं मिस्टरांना बोलावून घेतलं होतं. तिनं सांगितलं म्हणून ऐकलं, मी सांगून ऐकलं नसतं. दुकान दुपारी दोनपर्यंत मेव्हण्यानं बघायचं ठरलं, मिस्टर दिवसा थांबायला लागले, नणंद पुण्याहून येऊन पाच रात्री राहिली. तिनंही पहिल्याच रात्री आईवर आवाज चढवला. सकाळी माझ्याकडं बघितलं अन् म्हणाली, वहिनी, मला वाटलं नव्हतं मी अशी बोलंन. मी तिला त्या समोरच्या बाईचा सल्ला अन् माझं सगळं सांगितलं. त्या दिवसापासून आम्ही दोघी जास्त जवळ आलो.

दवाखाना ही एकच जागा अशी आहे जिथं म्हाताऱ्या माणसाचं अंग परक्या माणसाच्या नजरेला पडतं. घरी कोण बघतं लुगड्याच्या आत? इथं सिस्टर स्पंज करताना पाठ बघते, माकडहाडावरची जखम बघते, नखं बघते. दर दोन तासाला कूस बदलली नाही तर जखम होते, ती घरून घेऊन आलेत का इथं झाली हे तिला कळतं. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायच्या आधी म्हातारी लेकाच्या तोंडाकडं बघते का हेही तिला दिसतं. पण एका सिस्टरकडं रात्री किती पेशंट असतात ते मी बघितलंय, तिनं तरी कुठं कुठं बघावं. सरकारी योजनेत जिल्हा रुग्णालयात म्हाताऱ्यांसाठी 10 खाटांचा वेगळा वॉर्ड धरलेला आहे, आंबाजोगाईजवळ लोखंडी सावरगावला तर वृद्धांच्या उपचारासाठी वेगळं केंद्र आहे, सत्तरीच्या पुढच्यांना 2024 पासून वय वंदना कार्डावर 5 लाखापर्यंत उपचार आहेत. हे सगळं पाहिजेच. त्यासोबत ते सहा प्रश्न, नातेवाईकांना बाहेर थांबवून, प्रत्येक म्हाताऱ्या पेशंटला विचारले जावेत असं मला मनापासून वाटतं. माझ्यासारखीला राग येईल. येऊ द्या.

आमच्या शाळेत दसरा-दिवाळीनंतर पट कमी होतो, ऊसतोडीच्या टोळ्या कोयता घेऊन कारखान्यांवर जातात, पार कर्नाटकापर्यंत. मागं राहतात थकलेले आजी-आजोबा अन् त्यांच्या भरवशावर सोडलेली लेकरं. त्यातलं कुणी पडलं तर कोण दवाखान्यात थांबणार? गेल्या हंगामात आमच्या गल्लीतल्या एका आजोबांना तिसऱ्या दिवशी सही करून घरी आणलं, सोबतीला दहा वर्षांची नात होती, तीच माझ्या वर्गात. ती शाळेला यायची बंद झाली तेव्हा मी घरी गेले, तर ती आजोबांना वाटीनं पाणी पाजत बसली होती. चमच्या-चमच्यानं. आशाताईंना घेऊन गेले मग, पुढचं त्यांनी बघितलं.

काल हे सगळं लिहून झाल्यावर आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्यांना विचारल्याशिवाय टाकणार नव्हते. ओसरीत बसून ऐकलं सगळं. पोहऱ्याचं ऐकून म्हणल्या, "असं म्हणले व्हते का मी? मला नाही याद." मग बराच वेळ गप्प. मग म्हणल्या, "त्या अंगठ्यावाल्या बाईचं लिही तू. माझं कामून लिहितीस, माझं झालं गेलं." मी म्हणलं, दोन्ही राहू द्या आत्याबाई. त्यांनी मान हलवली, पण या वेळी त्याच्या आधी दोनदा नको म्हणाल्या होत्या.

रात्री उशाला भरून ठेवलेला तांब्या संपवून त्यांनी दुसरा मागितला. एकदा साडेबाराला अन् एकदा चारला उठावं लागलं. साडेबाराला मिस्टर उठले, चारला मी.